सतरावा खिळा

सतराव्या खिळ्यावर काहीच नव्हते.

रमाकांत पेडणेकरने फळीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. चाळीस खिळे, एकोणचाळीस पितळी बिल्ले. दुपारचे बारा वाजायला दहा मिनिटे होती आणि गोदीतले ऊन इतके स्वच्छ पडले होते की त्या रिकाम्या खिळ्याची बारीकशी सावलीसुद्धा लाकडावर दिसत होती.

"गमरे," तो म्हणाला. "सतरा?"

संघमित्रा गमरे फळीच्या उजव्या अंगाला उभी होती. एकवीस वर्षांची, सावळी, टोपीखाली केस घट्ट बांधलेली. तिने फळीकडे पाहिले नाही. म्हणजे तिने ते आधीच पाहिले होते, असे रमाकांतच्या मनात आले.

"सतरा नंबर नानांचा, सर. ते वर आलेत. मी त्यांना धक्क्यावर उतरताना बघितलं."

"मग बिल्ला?"

"फळीवर नाहीये."

"ते मलाही दिसतंय."

नौदलाचे ते जहाज दुरुस्तीला लागून सहा महिने झाले होते. त्याच्या पोटातल्या टाक्या रिकाम्या करून घासण्याचे काम चालू होते. टाकीत उतरणारा प्रत्येक माणूस गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर येणाऱ्या शिडीच्या तोंडाशी थांबे, फळीवरचा आपला बिल्ला काढून गळ्यात घाली आणि मगच खाली जाई. वर आला की बिल्ला गँगवेवर परत देई. टाकीतली हवा केव्हा फिरेल याचा भरवसा नसतो. म्हणून रिकामा खिळा म्हणजे खाली अडकलेला एक जिवंत माणूस, असे मानायचे. कोणी काय पाहिले याला किंमत नव्हती. किंमत खिळ्याला होती.

रमाकांतने घंटा दिली.

त्यानंतरचे दोन तास जहाज जहाज राहिले नाही. वेल्डिंग थांबले, पंखे थांबले, जेवणाची ताटे भरलेली तशीच राहिली. तोंडाला मुखवटे बांधून माणसे एकेका टाकीत उतरली आणि "नाना! ओ नाना!" अशा हाका लोखंडातून घुमून वर येत राहिल्या. टाक्या घासणाऱ्या गोदी कामगारांतल्या नानांचा फोन बंद होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते शिवडीला घरी जाणार होते, एवढेच त्यांच्याबरोबरचे लोक सांगत होते. पण गेले होते का, हे छातीठोकपणे कोणी सांगत नव्हते.

त्या गोंधळात संघमित्रा एकदा त्याच्या जवळ आली. हाताच्या अंतरावर थांबून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सर, एकदा खिसा बघता का?"

"कोणाचा?"

"तुमचा."

त्याने तिच्याकडे पाहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याला त्याच्या खिशाबद्दल असे कोणी विचारले नव्हते. त्याने शर्टाच्या छातीवरच्या खिशावर वरूनच हात दाबला. हाताला चष्म्याची मऊ कापडी पिशवी लागली. ती बाहेर काढण्याची त्याला इच्छा नव्हती. त्याला चष्मा लागला आहे, हे जहाजावर कोणालाही ठाऊक नव्हते. जूनमध्ये त्याच्या नोकरीच्या मुदतवाढीची वैद्यकीय तपासणी होती. आणि दुसरेही कारण होते, जे तो स्वतःशीसुद्धा पुरते उच्चारत नसे. या मुलीसमोर नाकावर चष्मा चढवून त्याला म्हातारे व्हायचे नव्हते.

"खिशात काही नाही," तो म्हणाला. "गमरे, आपली जागा."

ती जागेवर गेली. जाताना तिने कमरेच्या खिशातून ती छोटी वही काढली, पेन्सिलीने काहीतरी लिहिले आणि वही परत ठेवली.

ती वही. चार महिने ती वही रमाकांतच्या नजरेत सलत होती.

ऑक्टोबरपर्यंत गँगवेवर त्याच्याबरोबर अजित असे. पाच वर्षे दोघांनी एकत्र पहारे केले. अजितची बदली विशाखापट्टणमला झाली आणि त्याच्या जागी ही आली. ती यायच्या आधी जहाजावर नवी दारे बसली, दारांना नवी कुलपे लागली, आणि सगळ्या पुरुषांना एका खोलीत बसवून तासभर व्याख्यान दिले गेले. काय बोलायचे नाही, कुठे पाहायचे नाही, किती अंतर ठेवायचे. व्याख्यानात चूक असे काहीच नव्हते. पण बाहेर पडताना अजितने त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटले होते, "जपून राहा, पेडण्या. मी सुटलो. एक शब्द इकडचा तिकडे झाला ना, की बावीस वर्षं पाण्यात."

तेव्हापासून रमाकांत जपून होता. तिला 'तू' म्हणावे की 'तुम्ही', हेसुद्धा त्याने कधी ठरवले नाही; क्रियापदे टाळून तो बोलत असे. गमरे, लॉग. गमरे, फळी. ती काम चोख करी. तिला शिटीचे सगळे सूर येत, गाठी येत, वादळी हवेत नांगराचा दोर कसा वागतो तेही माहीत होते. पण दर तासाला ती वही निघे आणि त्याला वाटे, आपण नोंदले जात आहोत. आपली जांभई, आपला एखादा निसटलेला शब्द, आपण तिच्या मागून जाताना मोजलेले अंतर. कधीतरी एका टेबलावर ती वही उघडली जाईल आणि कोणीतरी वाचू लागेल.

दोनला पाच मिनिटे असताना नानांचा फोन लागला. ते शिवडीला नातीच्या शाळेत होते. तिथे फोन बंद ठेवायला लावला होता. फर्स्ट लेफ्टनंट साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला आणि मराठीत बोलण्यासाठी तो रमाकांतच्या हातात दिला.

"नाना, बिल्ला कुठाय?"

"दिला ना! साडेदहालाच दिला."

"कोणाला?"

"गँगवेवर."

"अहो, गँगवेवर कोणाच्या हातात?"

पलीकडे मुलांचा गलका होता. "आता ते कसं सांगू, पेडणेकर? हात पुढे आला, मी दिला. हात कोणाचा ते कोण बघतं का? त्यात त्याच वेळी तुमचे कॅप्टन साहेब येत होते, आपण बाजूला झालो. का हो, काय झालं?"

"काही नाही. नातीला घेऊन या कधीतरी जहाज बघायला."

माणूस सापडला तेव्हा जहाजाने श्वास सोडला. आणि श्वास सोडून झाल्यावर सगळ्यांच्या नजरा हळूहळू फळीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे गेल्या. बिल्ले घेणे आणि लावणे हे पहारेकऱ्याचे काम. लॉग, म्हणजे जहाजाची नोंदवही, लिहिणे क्वार्टरमास्टरचे, म्हणजे रमाकांतचे.

त्याने लॉग उघडला. अक्षरे अंधूक दिसत होती. हात लांब करून, डोळे बारीक करून त्याने लिहिले: बिल्ला क्रमांक सतरा पहारेकरी गमरे यांच्याकडून फळीवर लावला गेला नाही व हरवला. जहाजाचे काम दोन तास बंद.

लिहिताना त्याला वाईट वाटले नाही, हे त्याला नंतर आठवले. उलट मनातली एक गाठ सुटल्यासारखे वाटले. इतके दिवस ती त्याला लिहीत होती. आज त्याने तिला लिहिले.

तिने ते वाचले. वाचून झाल्यावर खाली सही करायची असते, तिने केली. अग्निवीर म्हणून तिचे हे चौथे वर्ष होते. चार वर्षे संपली की चौघांतल्या एकालाच पुढे ठेवतात, बाकीचे घरी जातात. हे तिलाही ठाऊक होते आणि त्यालाही.

*

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लालबागच्या त्यांच्या चाळीत दुपारभर मिरच्या भाजल्याचा खाट उठला होता. फेब्रुवारी संपत आला की मसाल्याच्या दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागतात आणि अख्खा भाग खोकत राहतो. रमाकांत खिडकी लावून पडला होता. त्याची बायको मृणालिनी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. ती विमा कंपनीच्या कचेरीत बसे. कागदांतली विसंगती शोधायचा तिचा पंचवीसेक वर्षांचा सराव होता आणि तो घरी येताना ती कचेरीत ठेवून येत नसे.

"रमाकांत."

तिने पूर्ण नाव घेतले की तो उठून बसे. तो उठून बसला.

तिच्या एका हातात त्याच्या चष्म्याची कापडी पिशवी होती. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर, लाल दोऱ्यासकट, पितळेची एक वाटोळी चकती होती.

"सतरा नंबर," ती म्हणाली. "खोलीला खिडकी होती का?"

"काय?"

"किल्लीला लावतात ना लॉजमध्ये, तसलं आहे हे. किल्ली परत केलीस, हे विसरलास."

त्याला हसू यायला हवे होते. पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"मृणाल, काहीतरीच काय."

"काहीतरीच? मग एक सांग मला. ऑक्टोबरपासून तुझ्या शेजारी एक मुलगी उभी असते. चार-चार तास. खरं की खोटं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"अजितच्या बायकोने. फोनवर. मला वाटलं, तिला वाटत असेल मला माहिती आहे. मीही 'हो हो' म्हटलं. लाज वाटली मला, माहितीये? घरात तू मला जहाजावरच्या उंदराचीसुद्धा गोष्ट सांगतोस. स्वयंपाक्याच्या दाढेची सांगितलीस. आणि चार महिन्यांत त्या मुलीचं नाव एकदाही नाही काढलंस. मी वाट बघत होते रे. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. ज्याच्यात काही नसतं, ते माणूस सांगतो."

"काही नव्हतं म्हणूनच नाही सांगितलं."

"हे कचेरीत मला रोज ऐकायला मिळतं. क्लेम खोटा असला की."

"अगं, तो लॉजचा बिल्ला नाहीये." त्याचा आवाज चढला, खऱ्या माणसाचा चढतो तसा, निर्धास्त. "तो जहाजावरचा आहे. टाकीत उतरणाऱ्या माणसाला देतात. हा सतरा नंबर नानांचा. ते वर आले तेव्हा त्यांनी तो..."

तो थांबला.

त्याला नानांचा हात दिसला. गंजाने तांबूस झालेला, घाईत पुढे आलेला. त्याच वेळी धक्क्यावर कॅप्टनची गाडी लागली होती. साहेब जहाजावर चढताना शिटी वाजवून मान द्यायचा असतो आणि शिटी उजव्या हातात लागते. बिल्ला उजव्याच हातात होता. हाताने आपण होऊन बिल्ला छातीवरच्या खिशात टाकला आणि शिटी ओठांशी नेली. पलीकडे संघमित्रा ताठ उभी होती, समोर पाहत. खिशात चष्म्याची पिशवी तोंड उघडून बसली होती.

हे त्याने पहिल्यांदा केले नव्हते. आधीच्या प्रत्येक दुरुस्तीत, वर्षानुवर्षे, तो असेच करत आला होता. हात गुंतले की बिल्ला खिशात. पहारा संपला की अजित त्याच्या छातीवर सपकन् चापट मारी, "खिसा झाड, पेडण्या!" आणि खिशातून दोन-तीन बिल्ले निघत; दोघे हसत हसत ते लावून टाकत. ती चूक आहे असे दोघांना कधी वाटले नाही. ती कामाची रीतच होती. रमाकांतचा खिसा आणि अजितची चापट, दोन्ही मिळून ते काम पुरे होई. अजित गेला आणि चापट गेली. खिसा राहिला. नव्या जोडीदाराला हे सांगायला हवे होते. पण एका मुलीला हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हा विचार मनात यायच्या आतच त्याने तो मिटवून टाकला होता.

आणि तिने विचारले होते. हाताच्या अंतरावरून.

"...त्यांनी तो तुझ्याकडे दिला," मृणालिनीने वाक्य पुरे केले. ती त्याच्याकडे निरखून पाहत होती. "मग एवढं घाबरायला काय झालं?"

त्याने तिला सगळे सांगितले. घंटा, दोन तास, नानांचा फोन, लॉग. सांगताना तो चकतीकडे पाहत राहिला.

"म्हणजे नाव तिचं लिहिलंस."

"हो."

"तू स्वतः?"

"लॉग मीच लिहितो."

गल्लीत कोणीतरी खोकत खोकत हसत होते. मृणालिनीने चकती उलटीसुलटी करून पाहिली.

"काय नाव तिचं?"

"संघमित्रा गमरे. नायगावची. बीडीडी चाळीतली."

"हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर," ती म्हणाली आणि तिने वाक्य तिथेच सोडले. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मघाशी बरं होतं रे. लॉज असता तर निदान मला कळलं असतं, भांडायचं कोणाशी."

"कोणाला कळणार नाही," तो म्हणाला. तो हे मोठ्याने बोलला याचे त्यालाच नवल वाटले. "नानांना आठवत नाही. बिल्ला हरवला असं ठरलंय. जूनमध्ये माझी मुदतवाढ आहे. आपल्या खोलीचं ट्रान्झिट, रिडेव्हलपमेंट... सगळं अधांतरी आहे, मृणाल."

"मी काही बोलले का?"

तिने त्याचा निळा शर्ट पलंगावर पसरला, बाह्या आत घेतल्या, घडी घातली. घडीवर बरोबर खिशाच्या जागी तिने ती चकती ठेवली आणि उठून चहा टाकायला गेली.

*

रविवारी सकाळी तो पहारा नसताना जहाजावर गेला. फर्स्ट लेफ्टनंट साहेब पंजाबकडचे, वयाने त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. त्यांनी चकती टेबलावर ठेवून घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिले.

"पेडणेकर, ये कहाँ मिला?"

"मेरी जेब में, सर. चष्मे के साथ."

"चष्मा?"

"जी सर. चार महिने से है."

साहेबांनी एकेक गोष्ट कागदावर टिपली. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरे झाले असते. मुदतवाढीचा विषय त्यांनी काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. काही विषय न काढताच मिटतात.

"और गमरे का, सर?"

"रिपोर्ट तो कल ही ऊपर चली गई. दूसरी भेजूँगा. लिख दूँगा कि पहली गलत थी." त्यांनी पेन खाली ठेवले. "पर पहली वापस नहीं आती. फाइल में दोनों रहेंगी. पढ़ने वाला पहले कौन सी पढ़े, ये मेरे हाथ में नहीं है."

गँगवेवर येऊन त्याने लॉग मागून घेतला. जहाजाच्या लॉगात काही पुसायचे नसते, पान फाडायचे नसते, पांढरा रंग लावायचा नसतो. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचे अक्षर वाचता येईल. मग वर खरी नोंद आणि सही. खोटे काय होते हेही राहायला हवे, अशी ती रीत. रमाकांतने पट्टी ठेवून रेघ मारली आणि वर आपले नाव लिहिले.

संघमित्रा जहाजावर नव्हती. चौकशी पुरी होईपर्यंत म्हणून तिला शनिवारपासूनच धक्क्यापलीकडच्या दोरखंडांच्या गोदामात नेमले होते. तो तिकडे गेला. वाखाचा आणि डांबराचा वास असलेल्या त्या लांबट खोलीत ती एका जाड दोराचे तुटके टोक विणत बसली होती. त्याला पाहून उभी राहिली.

"बस," तो म्हणाला. मग म्हणाला, "बसा."

"तू म्हणा, सर. माझ्या बाबांपेक्षा थोडेच लहान असाल."

ती हे कुत्सितपणे म्हणाली की सहज, हे त्याला कळले नाही. तो उभाच राहिला.

"बिल्ला सापडला. माझ्या खिशात होता. मी साहेबांना सांगून आलोय."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर ना आनंद, ना आश्चर्य. दोराचे तीन पेड तिच्या बोटांत तसेच ताणलेले होते.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"बघितलं होतं, सर. शिटी वाजवायच्या आधी."

"मग सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बोलले होते." ती म्हणाली. "एकदा विचारलं होतं मी."

समुद्राकडून येणारा वारा गोदामाच्या पत्र्यावर वाजत होता. रमाकांतला वाटले, आता निघावे. पण चार महिने जे विचारायचे राहिले होते ते आज नाही विचारले तर मग कधीच नाही.

"त्या वहीत लिहिलं होतंस? बिल्ल्याचं?"

"हो. वेळेसकट. सगळ्या बिल्ल्यांचं लिहिते मी. कोण कधी गेला, कधी आला. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून एक चुकला होता, तेव्हापासून."

"फक्त बिल्ल्यांचं?"

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिले आणि त्याला काय वाटत आले होते ते तिला त्या क्षणी उमगले असावे. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले, पण ते हसू झाले नाही.

"दुसरं काय लिहिणार, सर? तुम्ही बोलता तरी कुठे काही."

"मग ती वही साहेबांना दाखवायची. दोन मिनिटांत मोकळी झाली असतीस."

"दाखवली असती तर सगळ्यांनी वहीच बघितली असती. आतला नंबर नाही." ती खाली बसली, दोर मांडीवर घेतला. "पोरगी सीनियरच्या नोंदी ठेवते. मग पुढच्या जहाजावर मी जायच्या आधी ही गोष्ट गेली असती. चाळीतून निघताना आमच्या आईने सांगितलंय मला, तुला दोनदा खरं असावं लागेल. एकदा असून भागायचं नाही."

"मी लिहिलंय सगळं खरं. दुसरा रिपोर्ट जातोय."

"थँक्यू, सर."

ते 'थँक्यू' इतके नियमातले होते की त्याला त्यात शिरायला कुठे फटच सापडली नाही. त्याला माफी मागायची होती. ती मागायला तो घरून वाक्य घेऊन निघाला होता, बसमध्ये दोनदा ते म्हणूनही पाहिले होते; पण इथे दोराच्या पेडांकडे पाहताना ते वाक्य फार स्वतःपुरते वाटू लागले.

"गँगवेवर परत येशील?"

"ते मी नाही ठरवत." तिने पेड ओढून घट्ट केला. "सर, एक सांगू? तिथे जो कोणी येईल ना, त्याला आधीच सांगा. खिशाचं. मला कोणी सांगितलं असतं तर मी बिनधास्त विचारलं असतं. मोठ्याने."

*

मार्चच्या पहिल्या सोमवारी गँगवेवर रमाकांतबरोबर नवा पहारेकरी होता. सोलापूरकडचा, रुंद खांद्यांचा, फार कमी बोलणारा. बाराला दहा मिनिटे असताना चाळीसही बिल्ले फळीवर होते. सतरा नंबरचा लाल दोरा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होता. घरच्या धुण्यात तो थोडासा भिजला होता.

रमाकांतने छातीवरच्या खिशाचे बटण काढले. चष्म्याची पिशवी टेबलावर ठेवली, तिचे तोंड उघडे करून दाखवले, मग खिशात दोन बोटे घालून तळाची कापसाची धूळसुद्धा बाहेर काढली.

"सर, हे काय?" नव्याने विचारले.

"रोज बघायचं. पहारा संपताना. मी 'काही नाही' म्हटलं तरी बघायचं."

"मी? तुमचा खिसा?"

"मग कोण?"

नवा गोंधळून हसला. रमाकांतने चष्मा चढवला आणि पहारा संपल्याची सही करण्यासाठी लॉग पुढे ओढला. धक्क्यावरच्या वाऱ्याने पाने उलटली आणि फेब्रुवारीचे ते पान वर आले. त्याने ते लगेच मिटले नाही. रेघ त्याने पट्टी ठेवून मारली होती. अगदी सरळ होती ती. तिच्या वर त्याचे नाव होते, आणि रेघेखाली, रीतीप्रमाणे, संघमित्राचे. इतके दिवस अंधूक दिसणारे अक्षर आज चष्म्यातून फार स्वच्छ दिसत होते.